मधे येणारी पाठ

आजोबांनी मावशीची दोन बोटं मुठीत धरून ठेवली होती. सकाळी डॉक्टर येऊन गेले तेव्हापासून. अंगात कसलाच जोर उरला नव्हता, पण त्या मुठीत होता. मावशी पलंगाच्या कडेला स्टुलावर बसली होती आणि मोकळ्या हातानं, कापसाच्या बोळ्यानं त्यांचे ओठ ओले करत होती. श्वास येत होता, थांबत होता, बऱ्याच वेळानं पुन्हा येत होता. डॉक्टर दारात चपला घालता घालता म्हणाले होते, "आता सुया टोचण्यात अर्थ नाही. जवळ बसा."

मावशी म्हणजे त्यांना सांभाळायला ठेवलेली बाई. नात्यानं या घरात कोणाचीच मावशी नव्हे. आठ महिने ती त्यांना भरवत होती, कूस बदलून देत होती, वेळप्रसंगी त्यांच्या शिव्याही खात होती. रक्ताचं माणूस एकच, मुलगी, आणि ती दूर देशात. तिनं समोरच्या कपाटावर कॅमेरा बसवून घेतला होता. तो मान वळवून खोलीभर बघायचा, ऐकायचा आणि तिच्या आवाजात बोलायचा. आजोबा शुद्धीवर असायचे तेव्हा मुलीशी बोलताना कपाटाकडे तोंड करायचे. एकदा त्यांनी मावशीला हळूच विचारलं होतं, "ती खाली का उतरत नाही गं?" मावशीला आधी हसू आलं होतं. मग त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं.

कपाटावर खरखर झाली. कॅमेऱ्यानं मान वळवली.

"मावशी, कसे आहेत?"

"तसेच आहेत ताई. शांत आहेत."

"तिकीट मिळालं. परवा दुपारी पोचते मी." आवाज रडून रडून बसला होता. "परवापर्यंत थांबतील ना हो?"

मावशीनं बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. आजोबांची नखं निळी पडायला लागलेली तिनं मघाशीच पाहिली होती.

"मावशी, जरा बाजूला व्हाल का? तुमची पाठ मधे येतेय. मला बाबा दिसत नाहीयेत."

पलंगाची दुसरी बाजू भिंतीला लागलेली. मावशीनं हात न सोडवता स्टूल जरासं सरकवलं.

"अजून थोडं."

"ताई, त्यांनी हात धरलाय माझा."

कपाटावरून आवाज आला, अगदी बारीक. "मला तेवढंच आहे हो मावशी. नुसतं बघणं."

ज्या ब्यूरोकडून मावशी कामाला आली होती, तिथे मागे एकदा तक्रार गेली होती, बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून बसते म्हणून. तेव्हा ती निमूटपणे ऐकून आली होती. आज तक्रारीची भीती नव्हती. पण त्या आवाजाला नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं.

मूठ सहज सुटली नाही. एकेक बोट उघडावं लागलं. मावशी उठली आणि दाराशी, भिंतीला टेकून उभी राहिली. कॅमेऱ्याची मान तिथवर वळत नाही, हे तिला आठ महिन्यांत पक्कं ठाऊक झालं होतं. डबाही ती तिथेच बसून खायची.

"बाबा, मी आलेय. बाबा, दिसतेय का मी?"

दिसण्यासारखं कपाटावर काही नव्हतं. एक काळा गोल डोळा आणि शेजारी हिरवा दिवा. आजोबांनी तिकडे मान वळवलीही नाही. त्यांचा हात चादरीवर फिरायला लागला. स्टूल होतं तिथवर आला, पलंगाच्या कडेवरून खाली लोंबला, पुन्हा वर आला. मग तो उचलला गेला. बोटं हवेत उघडत होती, मिटत होती. मावशी एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली. त्या दोघांच्या मधे कसं जायचं?

"बाबा, मागच्या खेपेला तुमचा चष्मा चुकून माझ्या बॅगेत आला होता ना," मुलगी बोलत होती. "तुम्ही घरभर शोधलात. माझ्याकडेच आहे तो. येताना घेऊन ये..."

आवाज तुटला. हिरवा दिवा लाल झाला आणि लुकलुकत राहिला.

हात खाली पडला. मावशी धावत पलंगाशी गेली. पुढचा श्वास यायची तिनं वाट पाहिली. आधीच्या वेळी पाहिली होती त्याहून जास्त पाहिली. मग त्यांच्या नाकापाशी बोटाची मागची बाजू धरली. खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी मागे घेत होतं. तिची टिंवटिंव संपेपर्यंत ती तशीच वाकून राहिली. बोटाला काही लागलं नाही. तिनं आजोबांचे डोळे मिटवले.

दिवा हिरवा झाला.

"मावशी? आवाज येतोय का माझा?"

"येतोय ताई." मावशी कपाटाकडे वळली. "ताई, ऐका..."

"नेट गेलं हो मधेच. इथे चित्र अडकलंय अजून. पण बरं झालं, नेमकं तेवढं दिसलं मला." किती तरी दिवसांनी त्या आवाजात थोडं हसू होतं. "बाबांनी हात वर केलाय बघा. माझ्यासमोर तसाच आहे तो. मला हात करताहेत ना मावशी?"

मावशीनं चादरीवर पालथा पडलेला हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हो ताई," ती म्हणाली. "तुम्हालाच."