सासूबाईंचा नवस

"नातू झाला, तर माझी सून प्रत्येक पायरीला हळदीकुंकू लावत देवीचा गड चढेल," असा नवस सासूबाई तुळिंजच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसल्या बसल्या बोलल्या होत्या. नवस त्यांचा, पाय माझे. सिझेरियनला तीन महिनेही झाले नव्हते. हजारावर पायऱ्यांना वाकून वाकून मी वर पोचले, तेव्हा बाळाला घेऊन रोपवेने आलेल्या सासूबाई सावलीत बसून कोकम सरबत पीत होत्या.

"किती वेळ लावलास गं! असो, फिटला एकदाचा माझा नवस."

"मीपण आत्ताच एक बोलून आले, आई."

"तू? काय बोललीस?"

"पुढच्या खेपेला मुलगी झाली, तर याच पायऱ्या हळदीकुंकू लावत माझ्या सासूबाई चढतील."