पाठीला झेपेल एवढंच

“बाबा, दादा मागच्या वर्षी मित्रांबरोबर टेकडीवर मुक्कामाला गेला, तेव्हा त्याच्या सोबतीला घरातलं कोण धाडलं होतं?”

हा प्रश्न बाबांना तोंडावर विचारायची तुझी काय बिशाद, असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या. तिने विचारला. बाबांनी कप खाली ठेवला. सोफ्यावर लोळणाऱ्या दादाने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही.

“तो मुलगा आहे. आणि विषय बदलू नकोस, ओझ्याचं बोलत होतो आपण.”

ओझं तिने फरशीवर मांडलंच होतं. टेकडीवर रात्री ताऱ्यांचे फोटो टिपायचे तर कॅमेरा हलता कामा नये. पण कॅमेऱ्याची तिवई बाबांना जड वाटली, म्हणून तिने हलकी, दुमडणारी मिळवली. मग थंडी आडवी आली. तिने जुन्या हातमोज्यांची टोकं कापली, बटणं दाबायला बोटं मोकळी. मग अंधार. तिने टॉर्चवर लाल कागद चिकटवला. पायाखालचं दिसतं आणि डोळे दिपत नाहीत. आणि दोन फळ्या बिजागरीने जोडून केलेलं ते यंत्र, ज्याचा स्क्रू हळूहळू फिरवला की कॅमेरा ताऱ्यांमागे सरकतो, ते तर तासून तासून जेवणाच्या डब्याएवढं केलं होतं.

सगळं एका सॅकमध्ये मावलं. ती पाठीला लावून तिने बाबांसमोर उड्या मारून दाखवल्या.

बाबांनी सॅक हातात घेऊन तोलली. “वा. खरंच हलकी झाली गं.”

ती खुलली.

“मग दादाच नेईल आता. त्याला सगळं समजावून सांग. तुला फोटोच हवेत ना?”

“मला नका अडकवू,” दादा म्हणाला. “मागच्या वेळी मी तिथे नुसता झोपलो होतो.”

“ती शिकवेल तुला.”

तिची कानशिलं तापली. “शाळेच्या बाई आहेत. वर्गातल्या मुली आहेत. थंडीचं झालं, अंधाराचं झालं. आता काय राहिलं, बाबा?”

बाबा इस्त्री करणाऱ्या आईकडे वळले. “अगं, तू तरी सांग हिला काहीतरी.”

“मी काय सांगू?” आईने कॉलर उलटली. “तुमचीच कारणं संपली, तर माझ्याकडे कुठून येणार?”

तिने बाबांच्या हातातून सॅक काढून घेतली.

“उद्या संध्याकाळी बाईंची गाडी येईल. मी जातेय. परवा उजाडता परत येईन, दाराची कडी तेवढी काढून ठेवा.”