किलव्हारनची धनीण

"घरी न्यायला आलोय आम्ही," फोनवरचा माणूस म्हणाला. "हे लेडी इझोबेलचंच घर ना?"

"हो," प्रेमा बोलून गेली, आणि लगेच तिला वाटलं, रॉंग नंबर म्हणायला हवं होतं.

तो स्कॉटलंडहून आला होता, किलव्हारनच्या कुळाकडून. बायकोला घेऊन मस्कतच्या हॉटेलात उतरला होता. उद्या सकाळी येतो, बाकीचं समोरासमोर बोलू, म्हणाला.

प्रेमाने गॅस बंद केला. मागच्या पडवीत म्हातारी खुर्चीत बसली होती. मांडीवर लाल-हिरव्या चौकटींची शाल, समोर कुरुमचे बोडके डोंगर.

प्रेमा सहा वर्षांपूर्वी या घरात आली. वेंगुर्ल्याकडची. नवरा गेला, घर दिराने बळकावलं, मुलगा कौशिक वसईला आपल्या सासुरवाडीला राहायला गेला. तो गणपतीला फोन करी. "बरी आहेस ना?" विचारी आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत फोन सुनेकडे देई.

तिला कामावर ठेवलं घरमालक उजैरने. त्याच्या वडिलांची आणि लेडींच्या नवऱ्याची लष्करातली दोस्ती. त्या दोस्तीखातर हे घर लेडींना हयातभरासाठी दिलेलं. आता वडीलही नव्हते. उजैर दुबईत असे. ड्रायव्हरबरोबर सामान पाठवी, स्वतः कधी येत नसे.

त्या घराची बेल एरवी कुणी वाजवत नसे. दोघींना एकमेकींशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

संध्याकाळी म्हातारी किलव्हारनच्या गोष्टी सांगे. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. इझोबेलचा बाप वारला, मुलगा नाही. कुळातले पुरुष म्हणाले, बाईमाणसापुढे आम्ही वाकणार नाही. चोवीस वर्षांची इझोबेल भर वाऱ्यात किल्ल्यापुढच्या दगडावर उभी राहिली. टोपीत गरुडाची तीन पिसं, तो प्रमुखाचा मान. कुणी वाकेना. मग एक म्हातारा कोळी पुढे आला, गुडघ्यावर बसला, आणि त्याच्यामागून सगळं गाव.

"म्हणजे आमच्याकडच्या मानकऱ्यांसारखं," प्रेमा म्हणे. "पण बाई! आमच्याकडे बाईला नारळसुद्धा ठेवू देत नाहीत."

"तिला त्यांनी सगळं दिलं," म्हातारी म्हणे. "फक्त कुणी शेजारी बसलं नाही. एवढ्या मोठ्या टेबलावर ती एकटी जेवायची."

मधूनच ती स्वतःला 'ती' म्हणे. वयाने होत असेल, असं प्रेमा धरून चाले. एरवी म्हातारीचं सगळं ध्यानात असे. दिवाणखान्यातल्या चिमण्या कुठल्या वाऱ्याला धूर टाकत, मटण किती वेळ शिजवत, चांदीची भांडी कशाने घासत. शाल तर ती प्रेमाला धुऊही देत नसे. स्वतःच ओल्या फडक्याखाली इस्त्री करी. आणि प्रेमा चहा घेऊन आली की खुर्चीतून अर्धवट उठे. खानदानी रीत, दुसरं काय. आजवर कोणत्या मालकिणीने उठून चहा घेतला होता तिच्या हातून?

त्या संध्याकाळी प्रेमाने चाचपून पाहिलं. "लेडी, तुमची माणसं आली तुम्हाला न्यायला, तर?"

म्हातारीने कप बशीत ठेवला.

"कोण आलंय?"

"कुणी नाही. सहज विचारलं."

"मला कुणाला भेटायचं नाही, प्रेमा. त्यांच्यासमोर मला उभी करू नकोस. आपण दोघी आहोत ना इथे?"

प्रेमाने तिच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली. मग फाटकाशी गेली. सामान घेऊन आलेला चंद्रहास कुडाळचा, आपला माणूस. त्याला तिने विचारलं, "तिका न्हेल्यानी तर माझा काय होतला रे?"

"तुझा काय? उजैर अर्बाब, आपलो मालक, दुसऱ्या घरात लावतलो. नायतर घराक जा."

"खयच्या घराक?"

चंद्रहासने तांदळाचं पोतं उतरवलं.

सकाळी प्रेमाने म्हातारीला मागच्या पडवीत नाश्ता दिला आणि मधलं दार ओढून घेतलं. दार्सैतच्या देवळातल्या कृष्णाची तिने मनातल्या मनात आधीच माफी मागून ठेवली होती. फाटकाची बेल वाजली.

उंच, पांढऱ्या केसांचा माणूस. गळ्यातल्या टायवर तीच लाल-हिरवी चौकट. बायकोच्या हातात फुलं. उन्हाने दोघांचे चेहरे लालबुंद झालेले.

प्रेमाने फाटक उघडलं नाही. गजांआडूनच बोलली.

"सॉरी सर. काल फोनवर बोलवलं नाही माझ्याने. लेडी इझोबेल गेल्या. मागच्या महिन्यात. खलास."

बोलता बोलता तिला खरंच रडू फुटलं. आता परत जातील, एवढंच तिला हवं होतं. पडवीतली म्हातारी आपल्याकडे राहील. पदराने डोळे पुसून तिने वर पाहिलं.

ती दोघं गेली नव्हती. एकमेकांकडे बघत होती.

"काहीतरी घोटाळा होतोय, ताई," म्हातारा हळूच म्हणाला. "लेडी इझोबेल शेवटच्या दुखण्यात किलव्हारनला आल्या आणि तिथेच गेल्या. नऊ वर्षं झाली. मी स्वतः खांदा दिलाय त्यांना. आम्ही आलोय ते त्यांची मोलकरीण एल्सपेथ हिला न्यायला. जन्मभर त्यांचं केलं तिने, आणि नंतर इथे एकटीच राहिली, कुणाला काही कळवलंही नाही. ती तरी आहे ना हो?"