काळ्या भाताचा हार

"उद्या पाठवते फोटो," असा भाविकाचा आठवा मेसेज आला आणि छायाने फोन गोधडीवर आदळला.

मागणं तरी केवढं? शहापूरच्या प्रदर्शनात स्टॉल मिळायला दागिना घातलेल्या गिऱ्हाइकाचा एक फोटो लागत होता. छायाच्या भाताच्या दाण्यांच्या दागिन्यांना गिऱ्हाईक म्हणावं असं एकच होतं, टोकावड्याची ही भाविका. चैत्र-वैशाखात तिने बारा हार मागवले. घालून मात्र एकदाही दाखवला नाही.

आणि नखरे किती! वार्निश नको, अंगाला खाज सुटते. गोंद नको, वास येतो. नुसते दोऱ्याने बांधा. दाणे टपोरेच हवेत, पोचट एकही चालणार नाही. एकदा सवयीने वार्निशचा हात फिरला, तर बाईने अख्खा हार परत पाठवला. छाया चरफडली, पण लाल रेशमी दोऱ्याने नवा बांधून दिला. असा हार लवकर किडेल, हेही तिने बजावलं.

"किडू दे ताई, मला तसाच आवडतो," भाविका म्हणाली होती.

घरात सासूची तऱ्हा निराळी. सकुबाईचं भात काळ्या तुसाचं, डोळखांबच्या त्या अंगाला दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्याच्या रोपांची पाती जांभळी असत आणि लोक बांधावर थांबून बघत. बी मागायला आलेल्याला सकुबाई चहा पाजून रिकाम्या हाताने धाडी. "आमच्या मालकानं जपल्यालं बी हाय," एवढंच म्हणे. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, पण सख्ख्या बहिणीलाही तिने मूठभर दिलं नव्हतं. सुनेला दागिन्यांपुरते दाणे देई, तेही कुरकुरत.

"भात खातात गो, गळ्यात नाय घालत," ती त्या दिवशीही म्हणाली. "घालणारी एक बाय दाखव मला. नायतर औंदाच्या पिकातला एक दाना देनार नाय."

दाणे नाहीत म्हणजे धंदाच बंद. छायाच्या डोक्यात तिडीक गेली.

"चला, दाखवतेच. टोकावड्याला चला माझ्यासंगं."

आषाढातल्या एका सोमवारी दोघी निघाल्या. दोन गाड्या बदलल्या. सकुबाई वाटभर गुडघ्याचं रडगाणं गात होती आणि छाया भाविकाला काय काय सुनवायचं ते मनात घोकत होती.

भाविका दारातच भेटली. तिशीतली, हसरी, कोपरापर्यंत चिखल. गळ्यात मंगळसूत्र, बाकी काही नाही. छायाने नाव सांगितलं तशी ती गडबडली.

"अगो ताई, फोन तरी करायचा!"

"आठ वेळा केला. आता हार घाल, एक फोटो काढते नि जाते. या माझ्या सासूबाई. दाणे यांच्याच शेतातले."

भाविकाने सकुबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हार... आत्ता नाय घरात."

"बारा हार, भाविका! त्यातला एक नाय?"

"बसा ना. पाणी आणते."

पाणी आणायला गेली ती आत गडपच झाली. छाया ओटीवर बसून बोटं मोडत राहिली. सासूसमोर पार नाक कापलं गेलं होतं. आता ही जन्मभर ऐकवणार, याचीच तिला भीती वाटत होती. सकुबाई कधी उठून मागच्या परसात गेली, ते तिला कळलंही नाही.

"छाया," मागून हाक आली. आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच छाया दचकली. "हिकडं ये गो."

छाया घराला वळसा घालून गेली. मागे चटईएवढा एक वाफा होता. कोंबड्या शिरू नयेत म्हणून भोवती काटक्यांचं कुंपण होतं, छायाच्याच लाल रेशमी दोऱ्याने घट्ट बांधलेलं. आत वीतभर वाढलेली भाताची रोपं होती, सगळी जांभळी.