रेषेपासून दोन किलोमीटर

"यातली चूक शोध," म्हणत सॉफ्टवेअरवाल्या दादांनी तिच्यापुढे विमानांच्या वाटा आखलेला एक पिवळा पडलेला नकाशा सरकवला.

तिला काही कळेना. चौकशी समिती अर्ध्या तासात बसणार होती. चार दिवसांपूर्वी तिनं हवाई नियंत्रण कक्षातून समुद्रावरच्या हवाई मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांना एकच उंची दिली होती. विमानांतल्या धोक्याच्या घंटेमुळे वैमानिकांनी ती ऐनवेळी वर-खाली घेतली. आज तिचा परवाना जाणार, हे सगळेच धरून चालले होते. आणि दादा शाळा भरवून बसले होते.

"दादा, चूक मी कबूल केलीय. आता परीक्षा कसली?"

"बघ तरी."

तिनं पाहिलं. "दोघांना तेहतीस हजार फूट. एकच मार्ग, समोरासमोर." तिनं कोपऱ्यातली तारीख पाहिली. "पण हे माझं नाही. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची आहे."

"मग टक्कर का नाही झाली?"

तिनं बोट फिरवलं. एक विमान रेषेच्या उत्तरेला दोन किलोमीटर, दुसरं दक्षिणेला तीन. "जुनी यंत्रं होती. धड रेषेवर कुणी उडतच नसे."

"आणि आता?"

"आता तुमचं सॉफ्टवेअर विमानांना रेषेवरून दहा मीटरही हलू देत नाही."

"हुशार आहेस, पण उशिरा." दादा हसले. "आमची अचूकताच आमच्या अंगाशी आली बघ. पूर्वी उंची चुकली तरी विमानं लांबून निघून जायची, कुणाला पत्ताही लागत नसे. आता सगळी एका दोरीवर. उपाय साधा आहे, प्रत्येक विमानाला त्याच्या उजवीकडे थोडं सरकवून उडवायचं. पण चूक एकट्या तुझीच आहे असं ठरलं, तर तुला काढतील आणि मार्ग तसाच ठेवतील."

त्यांनी आणखी सहा नकाशे मांडले. सहाही तसेच.

ती आणखीच गोंधळली. तिचे बाबा या केंद्रात प्रशिक्षणप्रमुख होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. एकतीस वर्षं, एकही डाग नाही. त्या दिवशी रात्री "माझ्या हातून असं कधी झालं नाही," एवढं बोलून ते ताटावरून उठले होते. तेव्हापासून अबोला. रोज ती उठायच्या आत ते केंद्रात निघून जात. पोरीचं तोंड बघवत नसेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"बाबा तर म्हणतात, इथं असं कधी झालंच नाही."

"त्यांनाही तसंच वाटत होतं."

"होतं म्हणजे?"

घड्याळाकडे पाहून दादा नकाशे गोळा करू लागले.

"थांबा. यांच्यावर कुणाचंच नाव नाही. समिती विचारेल, कुणाच्या चुका या? आणि ज्याच्या असतील तो कशाला कबूल करेल?"

"मागं बघ."

तिनं एकेक कागद उलटला. सातही कागदांच्या मागे, त्या वेळचा नियंत्रक म्हणून केलेली बाबांची जुनी, फिकट सही होती आणि तिच्याखाली ताज्या शाईत, आजची तारीख घालून, 'चूक माझी' असं लिहून केलेली दुसरी.