तिसरा सेल

गंगाधरच्या गाडीची चावी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा मेली. बटण दाबून अंगठा दुखला तरी दार उघडेना, म्हणून रविवारी त्याची बायको प्रभा चावी घेऊन घड्याळवाल्या रामहरीकडं गेली.

"वैनी, मी सेल नवाच टाकला होता की," रामहरी म्हणाला. "ही चावी गाडीच्या जवळ राहिली की सारखी गाडीशी बोलत बसते, मग सेल उतरतो. दिवसभर गाडीपाशीच असते का?"

"कशी असेल? हे गाडी सोलापूर स्टेशनवर लावतात आणि रेल्वेनं जेऊरच्या कॉलेजात शिकवायला जातात. चावी खिशात."

"मग उतरायला नाय पायजे, बघा."

प्रभाला जे बघायचं ते दिसलं. सृष्टी मॅडम. त्याच कॉलेजातली, त्याच रेल्वेनं जाणारी, 'सर, जागा धरलीय' असा रोज मेसेज टाकणारी. म्हणजे जेऊर-बिऊर सगळं झूट. दोघं दिवसभर गाडीत एसी लावून बसतात, आणि मी कुटलेली शेंगाची चटणी ती भवानी खाते.

सोमवारी अकराला ती रिक्षानं स्टेशनच्या पार्किंगला पोचली. चप्पल हातात घेऊनच तिनं काच वाजवली. काच खाली झाली. आत गंगाधर एकटा होता, मांडीवर उघडा डबा.

"कुठाय ती सृष्टी?"

 

"मॅडम गेल्या सकाळच्या रेल्वेनं," तो डब्याकडं बघत म्हणाला. "त्यांची नोकरी आहे अजून."