शेजारच्या अंगणातली पाटी

एफी पार्डीबाई आठ निवडणुका जिंकल्या, कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, तीनदा मंत्री झाल्या. तरी त्यांच्या न्यूफाउंडलंडच्या इवल्याशा गावातल्या एकवीस मतांपैकी एक दर वेळी विरोधकाला जायचंच. ते कुणाचं, हे शेजारच्या हेडलीच्या अंगणातली विरोधी पक्षाची पाटीच सांगायची.

नवव्या खेपेला पाटी दिसेना. बाई धास्तावून त्याच्या दारात गेल्या.

"आजारी आहेस का रे?"

"कंबर धरलीय, मंत्रीणबाई. गोठलेल्या जमिनीत खुंट कोण ठोकणार?"

बाईंनी हातोडा उचलला आणि विरोधकाची पाटी स्वतः ठोकून दिली.

निकाल लागला. गावात एकवीसपैकी एकवीस.

"हेडली, मतपत्रिकेवर पेन्सिल घसरली की काय तुझी?"

"छे. पस्तीस वर्षांत आमच्या पक्षाचा एक माणूस ती पाटी ठोकायला आला नव्हता."